डोक्याच्या मारानंतर व्हिटॅमिन ई आणि पीईएमएफ कॉइल: चालेल का?

फिजिओ_मिरज
बाईक अपघातात डोक्याला मार बसलेले पेशंट आयसीयूतून सुटल्यावर पुनर्वसनाला येतात. नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले: व्हिटॅमिन ई ४०० ची कॅप्सूल सुरू करू का? आणि गुडघ्याला लावता ती मॅग्नेटची कॉइल (पीईएमएफ, म्हणजे ठोक्याठोक्याने चुंबकीय क्षेत्र देणारी) डोक्याला लावली तर? मशीनवर ७५ हर्ट्झ, २० गॉस एवढंच छापलंय. मेंदूचं संरक्षण होतं अशी जाहिरात आहे. खरं किती?

न्यूरो_आयसीयू
आधी कॅप्सूल. कल्पना चुकीची नाही. मेंदू वजनाच्या २ टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे २० टक्के, आणि पेशींच्या आवरणात चरबी भरपूर. मार बसला की ग्लुटामेट (मेंदूपेशींचं निरोप्या रसायन) सांडतं, पेशीत कॅल्शियम घुसतं, मायटोकॉन्ड्रिया बिघडून फ्री रॅडिकल, म्हणजे पेशी पोखरणारे रेणू, सुटतात; व्हिटॅमिन ई तेच निकामी करतं. रक्त साकळलं असेल तर त्यातलं लोह आगीत तेल ओततं. पण हे सगळं मिनिटांत सुरू होतं आणि पहिल्या काही दिवसांत बरंचसं उरकतं. तुमच्याकडे पेशंट येतो तीन आठवड्यांनी!

वेळेत दिलं तरी माणसांत अनुभव फारसा चांगला नाही. स्ट्रोकमध्ये एनएक्सवाय-०५९ या फ्री रॅडिकल पकडणाऱ्या औषधाची २००६ ची चाचणी आशादायक होती. २००७ मध्ये तीन हजारांहून जास्त रुग्णांवरची दुसरी सपशेल फसली. ते औषध मेंदूत नीट शिरतच नव्हतं. एडाराव्होन या तशाच दुसऱ्या औषधाला जपानने २००१ मध्ये मान्यता दिली, पण तीही स्ट्रोकसाठी: २४ तासांच्या आत सुरू, ३० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सलाईनमधून अर्ध्या तासात, जास्तीत जास्त १४ दिवस. ग्लुकोजच्या बाटलीत मिसळलं तर औषधाची मात्रा घटते. किडनीला धोका असतो, म्हणून क्रिएटिनिन पाहत राहावं लागतं.

व्हिटॅमिन ई मोठ्या डोसात रक्त गोठणं मंदावतं. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल किंवा नुकताच रक्तस्राव झाला असेल तर स्वतःहून सुरू करू नये. आधीपासून घेत असतील तर न्यूरोसर्जनना कळवा. पहिल्या तासांत मेंदू खरोखर वाचतो तो साध्या गोष्टींनी: ऑक्सिजन ९० च्या खाली जाऊ न देणं, वरचा बीपी किमान ११० (पन्नाशी-साठीतल्यांना १००), मणक्याला धोका नसेल तर डोकं ३० अंश वर. यावर जाहिरात कुणी करत नाही.

कॉइलवाला
मशीनबद्दल. २० गॉस म्हणजे २ मिलिटेस्ला. या वर्गातल्या प्रयोगांत ७५ हर्ट्झ, सुमारे १.५ मिलिटेस्ला, १.३ मिलिसेकंदाचा पल्स वापरलाय; ॲडेनोसिनच्या ए२ए रिसेप्टरवर (सूज आवरणाऱ्या पेशीवरच्या ग्राहकावर) आणि सूजेवर परिणाम दिसतो, पण मुख्यतः पेशी आणि प्राण्यांत. माणसांवरचं काम अजून अगदी छोटं. आकडा जुळला म्हणून मशीन जुळलं असं नाही: ऊतीत तयार होणारं विद्युतक्षेत्र गॉसवर नाही, तर क्षेत्र किती झपाट्याने बदलतं त्यावर ठरतं. पल्सचा आकार छापलेला नसेल तर ती माहिती अर्धीच.

कवटी चुंबकीय क्षेत्र अडवत नाही, अंतर मारतं. १० सेंमी त्रिज्येच्या गोल कॉइलच्या मधोमध ५ सेंमी खोलीवर सुमारे ७२ टक्के उरतं, १० सेंमीवर ३५. गुडघ्याची ५ सेंमी त्रिज्येची कॉइल असेल तर १० सेंमीवर जेमतेम ९ टक्के.

मोबाईलच्या ॲपने मोजू नका. त्याचा सेन्सर सेकंदाला साधारण शंभर वेळाच वाचतो, पल्स निसटतो. २ सेंमी व्यासाच्या नळीवर १०० वेढे गुंडाळून ऑसिलोस्कोपला जोडा, १.३ मिलिसेकंदात १.५ मिलिटेस्ला चढत असेल तर ३६ मिलिव्होल्टच्या आसपास दिसायला हवं.

फिजिओ_मिरज
दोघांचेही आभार. काही पेशंटना व्हीपी शंट (मेंदूतलं जादा पाणी पोटात सोडणारी नळी) आहे. तिथे काय?

न्यूरो_आयसीयू
तिथे कॉइल अजिबात नको. ॲडजस्टेबल व्हॉल्व्हची सेटिंग चुंबकाने सरकू शकते; म्हणूनच एमआरआयनंतरही ती तपासतात. पाणी जास्त वाहिलं तर उभं राहिल्यावर डोकं दुखतं, पुढे सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव) होऊ शकतं. कमी वाहिलं तर सुस्ती, उलटी, चाल बिघडणं. चुकून लावलीच असेल तर लक्षणांची वाट न पाहता सर्जनकडून सेटिंग वाचून घ्या. कॉक्लियर इम्प्लांट, पेसमेकर, जुनी ॲन्युरिझम क्लिप (मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यावरचा धातूचा चिमटा) असेल तरी नकोच. फिट्स येणाऱ्यांतही नको.

कॉइलवाला
आणि याला टीएमएस (डोक्यावरून चुंबकाने मेंदू उत्तेजित करण्याचा उपचार) समजू नका. ते मशीन कॉइलजवळ दीड-दोन टेस्ला देतं, म्हणजे तुमच्या मशीनच्या जवळपास हजारपट. त्याचे पेपर दाखवून गुडघ्याची मशीन विकणारे बरेच भेटतील.