मदत हवी आहे: अॅपमध्ये टर्मिनल बसवलंय पण आउटपुट जिन्यासारखं उतरतंय

पाट्या_टाकू: दोन दिवस डोकं फिरलंय. ऑफिसच्या टूलमध्ये टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) हवं म्हणून रेडीमेड कंपोनंट घेतला, काळा चौकोन दिसतो, कर्सर लुकलुकतो, पण कमांड मारली की आधीची ओळ जिथे संपली त्याच्या खालून पुढची सुरू होते, एकेक पायरी उतरल्यासारखी. रंग नाहीत. व्हिम एडिटर तर चालतच नाही. कंपोनंटच भिकार आहे का? दुसरा सुचवा, सोमवारी डेमो आहे.

खिडकीतला: कुठला कंपोनंट? कुठली ओएस? अॅप कशात लिहिलंय? आम्हाला काय स्वप्न पडणारे का?

जीटीके_भक्त: व्हीटीई हे रेडीमेड टर्मिनल विजेट घ्या, विषय संपला. ग्नोम टर्मिनल, टर्मिनेटर, एक्सएफसीईचं टर्मिनल, सगळे त्याच्याच जिवावर. शेल सुरू करणं, स्क्रोलबॅक, सगळं एका विजेटमध्ये. मी पायथनमध्ये चाळीसेक ओळींत केलं होतं.

गंजका_खिळा: रस्टमध्ये करा. अलाक्रिटी टर्मिनलचं आतलं इंजिन वेगळं क्रेट (रस्टची लायब्ररी) म्हणून मिळतं, झेड एडिटरवाल्यांनी तेच घेतलंय.

जीटीके_भक्त: हो, आणि अक्षरं स्क्रीनवर कोण काढणार? इंजिन हातात दिलं, गाडी तुम्ही बनवा. सोमवारी डेमो आहे म्हणाला ना तो!

पाट्या_टाकू: कंपोनंट एक्सटर्म.जेएस, अॅप इलेक्ट्रॉनमध्ये (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप अॅप), ओएस उबंटू. मला वाटलं सगळे तेच वापरतात.

थोडक्यात: ऑप्शनमध्ये कन्व्हर्टईओएल ट्रू करा, मग प्रत्येक नवी ओळ डावीकडून सुरू होईल.

पाट्या_टाकू: पायऱ्या गेल्या!! पण व्हिम अजून 'आउटपुट इज नॉट टू अ टर्मिनल' अशी वॉर्निंग देऊन रुसून बसतं.

जुना_सीवाला: ती मलमपट्टी झाली. शेल कसं सुरू केलंय ती ओळ टाका आधी.

पाट्या_टाकू: नोडच्या चाइल्ड प्रोसेसचं स्पॉन, त्यात बॅश शेल. त्याच्या एसटीडीआउटवर (आउटपुटवर) जे येतं ते टर्म.राइटला देतो. चुकलं का?

जुना_सीवाला: तिथेच तर घोळ आहे. एक्सटर्म.जेएस म्हणजे फक्त पडदा आणि कीबोर्ड, व्हीएस कोडमध्येही तेच बसलंय पण त्याच्या मागे पीटीवाय असतो, म्हणजे प्रोग्रामला खरं टर्मिनल वाटेल असं ओएसने दिलेलं नकली टर्मिनल. तुम्ही दिलाय साधा पाइप, नुसती मजकूर वाहून नेणारी नळी. समोर टर्मिनल आहे का हे प्रोग्राम विचारतात, 'नाही' आलं की फाइलींची यादी देणारं एलएस रंग सोडतं आणि एका ओळीत एकच नाव छापतं, पायथनचा प्रॉम्प्टही येत नाही. ओळ संपल्यावर कर्सर डावीकडे नेणारा कॅरेज रिटर्नसुद्धा कर्नलमधला टीटीवाय (टर्मिनल सांभाळणारा भाग) घालतो, पाइपमध्ये तो घालायला कोणी नाही, म्हणून तुमचा जिना. पीटीवाय बनवून देणारी नोड-पीटीवाय लायब्ररी लावा आणि तो कन्व्हर्टईओएल काढून टाका.

पाट्या_टाकू: लावला. आता मॉड्यूल व्हर्जन जुळत नाही म्हणून बोंब, अॅपच उघडत नाही.

खिडकीतला: नेटिव्ह मॉड्यूल (मशीन कोडमध्ये बिल्ड होणारं) आहे ते, साध्या नोडसाठी बिल्ड झालंय. इलेक्ट्रॉनसाठी परत बिल्ड करणारं इलेक्ट्रॉन-रीबिल्ड चालवा.

पुण्याहून_प्रेमाने: एवढा खटाटोप कशाला, पुट्टी हे तयार टर्मिनल डाउनलोड करा, फुकट आहे.

खिडकीतला: काका, त्यांना टर्मिनल वापरायचं नाहीये, बनवायचंय.

शब्दवेडी: जरा अवांतर, पण या सगळ्या टर्मिनलांत मराठी धड का दिसत नाही? 'किती' लिहिलं तरी वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षराचे तुकडे. कॉमिट मेसेज (कोडमधल्या बदलाची नोंद) मराठीत लिहायची हौस त्यामुळेच फिटली माझी.

जुना_सीवाला: टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनल यंत्रामध्ये २४ ओळी, ८० घरं, एका घरात एक अक्षर. आजही बहुतेक कंपोनंट तोच हिशोब धरतात आणि पहिली वेलांटी टाइप होते नंतर पण दिसायला हवी आधी, म्हणजे घर ओलांडून. एमएलटर्म हे टर्मिनल बघा, भारतीय लिप्यांची त्यात खास सोय आहे.

पाट्या_टाकू: व्हिम उघडलं!!! रंगही आले. पण खिडकी मोठी केली की व्हिम वरच्या डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसतं, बाकी सगळं काळं. पडदा खिडकीच्या मापाचा करणारा फिट अॅडऑन लावलाय तरी.

जुना_सीवाला: फिटने पडदा मोठा केला, पीटीवायला कोण सांगणार? तो अजून ८० बाय २४ मध्येच आहे. एक्सटर्मच्या ऑनरिसाइजमध्ये नवे कॉलम आणि रो पकडून पीटीवायच्या रिसाइजला द्या, मग व्हिमला सिग्नल जाईल आणि ते स्वतःच परत काढेल.

पाट्या_टाकू: एक ओळ. दोन दिवस आणि एक ओळ. झालं, आभारी आहे.

जीटीके_भक्त: व्हीटीईमध्ये हे आपोआप होतं, फक्त सांगून ठेवतो.

पुण्याहून_प्रेमाने: पुट्टीमध्ये पण होतं.