पुढच्या आठवड्यात चिपळूणला जायचं आहे, कोकणातला ऑरेंज अलर्ट म्हणजे नक्की किती पाऊस?

मनीषनगरवाला
नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. लहान बहीण चिपळूणला दिली आहे, तिच्या मुलाचं बारसं येत्या रविवारी आहे. आई (वय ७१, गुडघे दुखतात, पण नातू पाहायचा म्हणजे पाहायचाच) अन् मी असे दोघं जाणार. तिकीट बुधवारचं आहे, नागपूर-मडगाव स्पेशलचं, म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत चिपळूण. काल रात्री हवामान खात्याचा अंदाज पाहिला तर रत्नागिरी जिल्ह्याला मंगळवारी यलो, बुधवार-गुरुवार ऑरेंज, शुक्रवारी परत यलो. मोबाईलमधल्या ॲपात पाहिलं तर सातही दिवस तोच ढग, तेच थेंब, ९० टक्के. बहीण म्हणते दादा इकडं पावसाळ्यात रोजच असं असतं, तू ये. आता कोणाचं ऐकू?

मला भीती यासाठी वाटते की सप्टेंबर २०२३ मधे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला त्या रात्री आई मामाकडं होती, झोपेतून उठून पाय खाली ठेवला तर पाण्यातच. तेव्हापासून रात्री पावसाचा जोर वाढला की ती उठून बसते, लाईट लावून फरशी पाहते. तिला घेऊन मी अशा जागी चाललो जिथं पावसाला अंत नाही, आणि अडकलो तर काय करायचं ते सुचून नाही राहिलं. कोकणातले किंवा हवामानातलं कळणारे कोणी असतील तर नीट सांगा.

ढगपाहणारा
दादा आधी ॲपमधला ढग विसरा. जुलैमधे कोकणात रोज पाऊस येतोच, त्यामुळे ९० टक्के हे बरोबरच आहे पण त्यातून तुम्हाला काहीच कळत नाही, ४ मिमी पडला तरी ९० आणि २०० पडला तरी ९०. पाहायचं असतं ते किती, किती वेळात आणि नेमकं कुठं.

हवामान खात्याचं मोजमाप असं आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, त्याच्या वर गेला तर अत्यंत मुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरतात, त्यामुळे बातमीत "गुरुवारी १८० मिमी" असं आलं तर त्यातला बराचसा बुधवारी रात्रीचाही असू शकतो. रंगांचं म्हणाल तर यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. आणि रंगाखालची ओळ वाचत जा, तिथं "तुरळक ठिकाणी" असा शब्द असतो, त्याचा अर्थ जिल्ह्यातल्या फार तर पाव ठिकाणी. म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात तेवढा पडेल असं नाही, पण ती पाव ठिकाणं कोणती हे आज कोणीच सांगू शकत नाही.

अजून एक, आपल्या नागपूरच्या सोनेगावमधल्या प्रादेशिक केंद्राचा अंदाज विदर्भाचा असतो, कोकणाचा मुंबईच्या केंद्राकडून येतो, तुम्ही तोच उघडला आहे ना ते बघून घ्या. जिल्हावार इशारा पाच दिवसांचाच असतो आणि रोज बदलतो. रविवारचं आज कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर जाऊ नका.

या आठवड्याचं गणित मला असं दिसतं, ओडिशाच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र आहे, ते छत्तीसगडमार्गे आपल्याकडे सरकेल. म्हणजे मंगळवारपासून आपल्याकडे झड, आणि त्याच वेळी अरबी समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे जोर धरणार. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा असतो तोही सध्या आहे, दक्षिण गुजरातपासून खाली केरळपर्यंत. वारा समुद्रावरून पाणी घेऊन येतो, सह्याद्रीला धडकतो, वर चढतो आणि तिथंच रिकामा होतो. आपला नागपुरातला पाऊस आणि त्यांचा पाऊस पुष्कळदा एकाच सिस्टिमची दोन टोकं असतात. ती सिस्टिम पुढं सरकली, विरली की तिकडचा जोरही उतरतो, शुक्रवारचा यलो त्याचाच.

वाशिष्ठीकाठ
मी मूळची चिपळूणची, लग्नानंतर अठरा वर्षं नागपुरात. दादा, एक विचारू, बहिणीचं घर नेमकं कुठं आहे? बाजारपेठेकडे, नदीच्या अंगाला, की वरच्या बाजूला? चिपळूणला पाऊस किती यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

वरच्या भाऊंनी सांगितलंय ते बरोबर आहे, पण आमच्याकडे आकड्याला घाबरत नाही कोणी. नागपूरला अख्ख्या पावसाळ्यात हजार मिमीच्या आसपास पडतो, रत्नागिरीला तीन हजारांच्या वर. दिवसाला शंभर मिमी झाला तरी आमच्याकडे लावणी चालू असते, मुलं शाळेत जातात, जमीन उताराची, पऱ्ह्यांना (ओढ्यांना) वाट असते, पाणी खाडीत निघून जातं. नागपूरला तेवढाच तीन-चार तासांत पडला तर काय होतं ते तुमच्या आईंनी बघितलंच आहे.

आमची गोची तेव्हा होते जेव्हा वर घाटात रात्रभर ओततं आणि खाली खाडीला भरती असते. वाशिष्ठी नदी वरून भरून येते, खालून गोवळकोटच्या बाजूनं भरतीचं पाणी तिला आत घेत नाही, मग ती जाणार कुठं, बाजारात. २२ जुलै २०२१ ला हेच झालं. माझे आईबाबा तेव्हा तिथंच होते. पहाटे बाबांचा फोन आला, पायरीवर पाणी आहे म्हणाले, मी म्हटलं सामान वर उचला, म्हणाले उचलतोय, आणि मग फोन लागायचाच बंद झाला. मी इथं नागपुरात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला काही कळलं नाही. ते माळ्यावर होते, सुखरूप होते, पण ते दोन दिवस मी कोणाला सांगू शकत नाही. त्याच दोन दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पडला होता, ते पाणी सावित्रीतून महाडला उतरलं आणि महाडही गेलं. महाडला कोण बघत होतं महाबळेश्वरचा पाऊस? म्हणून म्हणते, रत्नागिरीचा रंग बघाल तेव्हा सातारा घाटाचाही बघा. खातं घाटाचा इशारा वेगळा देतं. रत्नागिरी ऑरेंज आणि सातारा घाट रेड असेल तर ते चिपळूणसाठी रेडच समजा.

आता भरती. आमच्या आजोबांचा हिशोब सांगते, आजही चालतो. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती, ती भांगाची, पाणी फार चढत नाही. अमावस्येला पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री, आणि ती उधाणाची. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं. या गुरुवारी दिव्याची अवस आहे दादा. तुमची गाडी चिपळूणला पोचते त्याच वेळेला उधाण आणि त्याच दिवशी ऑरेंज. मी माझ्या आईला घेऊन त्या गाडीनं गेले नसते.

मनीषनगरवाला
ताई, वाचून अंगावर काटा आला. आईला वाचून नाही दाखवलं. तुम्ही म्हटल्यावर सातारा घाट पाहिला, बुधवार-गुरुवार दोन्ही दिवस रेड आहे. बहिणीचं घर बाजारात नाही, गुहागर रोडच्या बाजूला थोडं चढावर आहे, मागं डोंगर आहे. मग तिथं पाण्याचा धोका नाही न?

वाशिष्ठीकाठ
पुराचा नाही, पण मागं डोंगर आहे म्हणताय म्हणून सांगते, घाबरवायला नाही. बहिणीला फोन करून एवढंच विचारा की मागच्या उतारावर यंदा काही खोदलंय का, रस्त्यासाठी, घरासाठी. आणि तिला सांगा की उतारावर नवीन भेग दिसली, झाड किंवा विजेचा खांब कललेला वाटला, नेहमीच्या पऱ्ह्याचं पाणी एकदम लाल गढूळ झालं किंवा पाऊस असून एकदम आटलं, दाराची चौकट अडकायला लागली, तर रात्रीची वाट बघायची नाही, बाळाला घेऊन उजेडात दुसरीकडं जायचं. तळिये २०२१ ला दरडीखाली गेलं, इर्शाळवाडी २०२३ ला गेली, दोन्हीकडं त्याआधी खूप पाऊस लागून राहिला होता. डोंगर एका सरीनं येत नाही, भिजत भिजत जड होतो. सलग तिसरा-चौथा दिवस असेल तर जास्त सांभाळायचं.

रेल्वेनंच_जातो
गाडीच्या बाजूनं मी सांगतो, दर पावसाळ्यात माझं एक-दोनदा जाणं होतं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, रात्रंदिवस गस्तीवाले रुळावर चालत असतात, दिसणं कमी झालं की वेग अजून उतरवतात. म्हणजे उशीर धरूनच चाला. २०२१ ला वाशिष्ठीच्या पुलावर पाणी चढलं तेव्हा गाड्या जिथल्या तिथं थांबवून ठेवल्या होत्या, लोक स्टेशनांवर तासन् तास बसून होते. तरुण माणूस बसतो हो, ७१ वर्षांची बाई गुडघे घेऊन कशी बसेल.

कारचा विचार असेल तर माझा तरी नकार आहे. समृद्धीनं मुंबईपर्यंत सरळ येता, पण पुढं मुंबई-गोवा हायवे, पाऊस आणि रात्र असं तिन्ही एकत्र आलं की ड्रायव्हरचे डोळे जातात. एकूण हजार किमीच्या आसपास होतं. कराडकडून कुंभार्लीनं उतरायचं तर सातारा घाट रेड असताना अजिबात नाही.

माझं म्हणणं, शुक्रवारची विदर्भ एक्स्प्रेस बघा. कल्याणला उतरायचं, टॅक्सीनं पनवेल आणि तिथून दिवसाची मांडवी एक्स्प्रेस. शनिवारी उजेडात चिपळूण. स्पेशल आठवड्यातून दोनदाच आहे, तिच्या नादाला लागू नका. शुक्रवारी निघण्याआधी सकाळचा नवा इशारा बघा, आणि गाडी कुठं चालते आहे तेही. आईंच्या गोळ्या तीन दिवसांच्या जास्त घ्या, वेगळ्या पर्समधे, सामानात नाही.

ढगपाहणारा
शुक्रवारच्या सल्ल्याला माझंही अनुमोदन. फक्त एक, कमी दाबाचं क्षेत्र कधीकधी रेंगाळतं आणि मग जोर एखादा दिवस पुढं सरकतो. बुधवारी रात्री परत एकदा पाहून मी इथंच लिहितो, शुक्रवारचा यलो टिकला की ऑरेंज झाला ते. आणि तिथं असताना दर तीन तासांचा तातडीचा अंदाज येतो तो बघत जा, पाच दिवसांच्या रंगापेक्षा तो कामाचा.

बाकी बारसं झाल्यावर मालवणला किल्ला पाहायला जाऊ असा बेत असेल तर आत्ताच काढून टाका, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात, ऊन पडलं तरी.

मनीषनगरवाला
किल्ल्याचा बेत होता खरं, काढला.

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता बहिणीशी बोललो. मागच्या उतारावर यंदा कोणी खोदलेलं नाही, पण दोन वाड्या सोडून रस्त्याचं काम झालंय म्हणे, तिकडं जावई उद्या दिवसा पाहून येणार आहेत. बोलताना तिनं फोन पडवीत नेऊन पागोळ्यांचा आवाज ऐकवला, आईला म्हटलं हा रोजचाच आहे, तर आई बराच वेळ कानाला लावून बसली आणि म्हणाली हा आपल्यासारखा एकदम येणारा नाही, एका लयीत आहे.

बुधवारचं तिकीट कॅन्सल केलं. शुक्रवारच्या विदर्भमधे एक लोअर बर्थ कन्फर्म मिळाला, माझं आरएसी आहे, चालेल. मांडवीचं पनवेलपासूनचं तिकीट वेटिंगमधे दाखवून राहिलं, ते तेवढं कसं होतं पाहतो. आईनं बाळाचे चांदीचे वाळे आणि झबलं दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून वर रबर लावून ठेवलं आहे. बुधवारी रात्रीच्या अपडेटची वाट पाहतो भाऊ.