वर्कहाउसमधल्या ‘इनमेट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या वर्कहाउसबद्दलचा, म्हणजे निराधारांना आत ठेवून काम करवून घेणाऱ्या सरकारी संस्थांबद्दलचा मजकूर मराठीत आणताना चार शब्द हटकून अडतात: वर्कहाउस, पॉपर (तिथली मदत घेणारा), इनमेट (तिथे राहणारा) आणि ओकम (जुन्या दोरांतून काढलेला तंतू). अनुवादांत त्यांच्या जागी अनाथाश्रम, भिकारी आणि कैदी हे शब्द सर्रास दिसतात. ओकम तर बहुतेक जण गाळूनच टाकतात. समजा वाक्य असे आहे: ‘ती अकरा वर्षे वर्कहाउसची इनमेट होती आणि ओकम पिक करत असे.’ इथे ‘कैदी’ लिहिले तर तिने गुन्हा केला होता असे वाटते. ‘आश्रमवासी’ लिहिले तर कोणीतरी मायेने सांभाळत होते असे वाटते. तिसरा शब्द आहे का?

प्रतिसाद १

‘कैदी’ नकोच. कायद्याने वर्कहाउसचे दार आतून उघडायचे. १८३४ च्या गरीब कायद्यानंतरच्या नियमांत तीन तास आधी सांगितले की बाहेर पडता येत असे. १८७१ मध्ये ही मुदत साधारण २४ तासांवर गेली आणि वारंवार ये-जा करणाऱ्यांसाठी ७२ तासांपर्यंत वाढवता येऊ लागली. कुटुंबाचा कर्ता बाहेर पडला तर बायकामुलांनाही सोबत न्यावे लागे. अंगावरचे कपडे संस्थेचे असत. ते घालून, न सांगता निघून गेले तर चोरीचा गुन्हा लागे, आणि तसे झाले तरच खरा तुरुंग.

म्हणजे माणसाला आत ठेवणारी गोष्ट कुलूप नव्हती, बाहेरची उपासमार होती. अनुवादात हे उतरले नाही तर सगळा अर्थच हुकतो. म्हणून ‘डांबले’, ‘कोंडले’, ‘सुटका झाली’ ही क्रियापदेही टाळा. ‘दाखल झाली’, ‘बाहेर पडली’ एवढेच पुरे.

प्रतिसाद २

‘इनमेट’साठी आपल्याकडे शासकीय वापरातला एक शब्द तयार आहे: ‘प्रवेशित’. बालगृहे, महिलांची राज्यगृहे यांच्या कागदपत्रांत ‘प्रवेशितांची संख्या’, ‘प्रवेशितांचा आहार’ असे लिहितात. शब्द कोरडा आहे, पण वर्कहाउसची भाषाही तितकीच कोरडी होती. ‘अंतेवासी’ सुचवणारेही भेटतात, पण त्याचा मूळ अर्थ गुरूजवळ राहणारा शिष्य. तिथे जी जवळीक आहे तिचा इथे मागमूस नाही.

प्रतिसाद ३

‘पॉपर’ म्हणजे नुसता गरीब नव्हे, आणि भिकारी तर नव्हेच. गरीब म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही तो. पॉपर म्हणजे गरीब कायद्याखाली मदत घेणारा, म्हणून सरकारदप्तरी नोंदला गेलेला माणूस. तो एक दर्जा होता आणि त्याची किंमत मोजावी लागे: अशी मदत घेणाऱ्याचा मताधिकार जात असे, आणि ही अट १९१८ पर्यंत टिकली.

मराठीत याच्या सर्वात जवळ ‘नादार’ येतो. जुन्या शाळांत फीमाफीसाठी ‘नादारीचा अर्ज’ करावा लागे. कोर्टाची फी भरता येत नसेल तर ‘नादार’ म्हणून दावा लावण्याची परवानगी मागत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तिथे मूळ शब्द ‘पॉपर’ हाच होता. १९७६ च्या दुरुस्तीत तो गेला. अर्ज करायचा, चौकशीला सामोरे जायचे आणि मग शिक्का लागायचा, हा सगळा अर्थ ‘नादार’मध्ये आहे. ‘दरिद्री’मध्ये तो नाही, शिवाय त्या शब्दाला शिवीचा वास येतो. नादार म्हणजे दिवाळखोर असाही अर्थ आहे, तेव्हा पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात खुलासा करावा.

प्रतिसाद ४

‘वर्कहाउस’ला ‘भिक्षेकरी गृह’ म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. आपल्याकडच्या १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे ठेवता येते. तिथली माणसे धरून आणलेली असतात. वर्कहाउसमधली स्वतःच्या पायांनी येत. ‘अनाथाश्रम’ही चूक, कारण मुले हा तिथल्या लोकांचा केवळ एक भाग. १८३५ च्या नियमांत सात वर्ग होते: म्हातारे व अशक्त पुरुष, धडधाकट पुरुष, ७ ते १३ वर्षांचे मुलगे, बायका-मुलींचे तीन, आणि सात वर्षांखालची मुले. प्रत्येकाचे अंगण वेगळे, भिंतीने तोडलेले. ‘एबल-बॉडीड’ला ‘सक्षम शरीराचे’ लिहू नका, ‘धडधाकट’ हाच शब्द.

माझे मत: शीर्षकात आणि पहिल्या उल्लेखात ‘वर्कहाउस’ तसेच ठेवावे, पुढे हवे तर ‘श्रमगृह’. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेलची १८२४ ची इमारत आज संग्रहालय म्हणून उभी आहे. तिचा नकाशा पाहिला की ‘गृह’ लिहिताना हात आखडतो, पण ‘छावणी’ त्याहून चुकीचे आहे.

प्रतिसाद ५

सर्वात मोठी घसरण ‘लेस एलिजिबिलिटी’ या तत्त्वावर होते. ‘कमी पात्रता’ असे भाषांतर अनेकदा दिसते आणि ते साफ चूक आहे. त्या काळी ‘एलिजिबल’ म्हणजे निवडावेसे वाटणारे. वर्कहाउसमधले जगणे बाहेरच्या सर्वात गरीब मजुराच्या जगण्यापेक्षा कमी हवेसे वाटले पाहिजे, म्हणजे जो खरोखर अडला आहे तोच आत येईल, असा हिशेब होता. मराठीत ‘कमी स्पृहणीयता’ जड होते. ‘मजुराहून खालचे जिणे’ असे उलगडून लिहावे.

हेच तत्त्व पुढे आपल्याकडेही आले. १८७७ च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलने मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आण्यावर आणली, ती याच विचाराने. पुढच्या दुष्काळ संहितांत काम हीच गरजेची कसोटी ठरली. ‘खडी फोडायला जाणे’ या मराठी वाक्प्रयोगात तुरुंग आणि दुष्काळी काम असे दोन्ही का ऐकू येतात, त्याचे उत्तर इथे सापडते. वर्कहाउसमध्येही धडधाकट पुरुषांच्या ठरलेल्या कामांत खडी फोडणे होते, तेव्हा तो शब्द बेधडक वापरा.

प्रतिसाद ६

ओकमबद्दल नीट सांगायला हवे, कारण क्रियापद चुकते.

जहाजावरचे जुने, डांबर मुरलेले दोर विकत घेत. ते वीतभर लांबीचे तुकडे करून वाटत. आधी तुकड्याचा पीळ उलटा फिरवून पेड सुटे करायचे, मग पेडातले सूत सुटे करायचे, मग ते सूत मांडीवर किंवा गुडघ्यावर चोळून मऊ करायचे आणि शेवटी बोटांनी तंतू-तंतू वेगळा करायचा. हा मोकळा तंतू म्हणजे ओकम. तो लाकडी जहाजाच्या फळ्यांच्या सांध्यांत ठोकून वर डांबर ओतत. डांबर वाळून दगडासारखे झालेले असे, नखे उलत आणि बोटांची कातडी सोलवटे. काही ठिकाणी लोखंडी खिळा देत. दोर आधी मोगरीने ठोकून घेतला तर काम निम्म्याने हलके होई. १८८० च्या दशकातल्या नियमांत रात्रीपुरत्या आलेल्या फिरस्त्या पुरुषांसाठी दिवसाचे माप होते ते असे: न ठोकलेला दोर ४ पौंड (सुमारे १.८ किलो) किंवा ठोकलेला ८ पौंड. दुप्पट आकड्यातच ठोकण्याचा फरक कळतो.

म्हणून ‘ओकम वेचणे’ नको. वेचतात शेंगा, फुले. ‘कातणे’ तर अगदी उलट, कारण त्यात पीळ घालतात. ‘जुने दोर उकलून वाख काढणे’ हे बरोबर. अंबाडी-घायपाताच्या मोकळ्या तंतूला आपण वाख म्हणतोच. तो दोर वळण्याआधीचा असतो आणि हा दोर मोडल्यानंतरचा, एवढाच फरक.

प्रतिसाद ७

‘काथ्या कुटणे’ का नको? कुटण्याची क्रिया तर आहेच.

प्रतिसाद ६ कडून उत्तर

दोन कारणांनी नको. काथ्या नारळाच्या सोडणाचा, आणि हे दोर बहुतेक हेंपचे, म्हणजे भांगेच्या झाडाच्या तंतूचे. दुसरे, ‘काथ्याकूट’ वाचल्यावर मराठी वाचकाला निष्फळ चर्चाच आठवते. ज्या बाईची बोटे सोलवटली आहेत तिच्या कामाला तो शब्द लावू नये.

प्रतिसाद ८

खाण्याच्या शब्दांचे काय? ‘ग्रुएल’ला ‘लापशी’ लिहिलेले दिसते. लापशी गोड, तूप सोडलेली, सणाची. ‘पेज’ जवळची, पण ती आजाऱ्याला मायेने पाजतात. ‘ओटची पातळ पेज’ असे धान्यासकट लिहावे. आतली माणसे तिला ‘स्किली’ म्हणत.

गरीब कायद्याचा कारभार पाहणाऱ्या कमिशनने १८३५-३६ च्या सुमारास सहा ठरावीक आहारतक्ते काढले. पहिल्या तक्त्यात पुरुषाला सकाळी ६ औंस ब्रेड (सुमारे १७० ग्रॅम) आणि दीड पिंट पेज (सुमारे ८५० मिली). दुपारी आठवड्यातून तीन दिवस ५ औंस शिजवलेले मांस आणि अर्धा पौंड बटाटे, तीन दिवस दीड पिंट सूप आणि एक दिवस १४ औंस पुडिंग. साठीपुढच्यांना सकाळच्या पेजेऐवजी आठवड्याला १ औंस चहा, ५ औंस लोणी आणि ७ औंस साखर देण्याची मुभा होती. शिस्तभंग केल्यास ४८ तासांपर्यंत दुपारच्या जेवणाऐवजी ८ औंस ब्रेड किंवा एक पौंड उकडलेले बटाटे मिळत आणि चहा, लोणी, साखर बंद. वर्षानुवर्षे आत असलेल्या म्हातारीच्या बाबतीत ‘चहा बंद’ हे दोन शब्द किती जड आहेत ते अनुवादात दिसायला हवे. तिथे नुसते ‘शिक्षा झाली’ म्हणून पुढे जाऊ नका.

तक्त्याबाहेरची भूकही होती. अँडोव्हरच्या वर्कहाउसमध्ये खतासाठी हाडे भरडण्याचे काम दिलेली माणसे त्याच हाडांना चिकटलेले कुजके मांस आणि मगज खात होती. १८४५ मध्ये ते उघड झाले. त्याच प्रकरणाने पुढे १८४७ मध्ये कमिशन गेले आणि त्याच्या जागी बोर्ड आले.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

‘प्रवेशित’ आणि ‘जुने दोर उकलणे’ पटले. पण अकरा वर्षे राहणे हा अपवाद होता की नेहमीचे होते? त्यावर विशेषण ठरेल.

प्रतिसाद ३ कडून उत्तर

अपवाद अजिबात नाही. १८६१ मध्ये पार्लमेंटने पाच वर्षे किंवा अधिक काळ सलग वर्कहाउसमध्ये असलेल्या प्रौढांची यादी मागवली. इंग्लंड-वेल्समध्ये अशी १४ हजारांहून अधिक माणसे निघाली, म्हणजे प्रौढांत साधारण दर पाचवा माणूस. यादीत नावापुढे आत असल्याची वर्षे आणि कारण होते. सर्वाधिक वेळा लिहिलेले कारण म्हातारपण आणि अशक्तपणा, त्याखालोखाल मनाचे आजार. ‘दीर्घकालीन प्रवेशित’ असे लिहिण्यापेक्षा ‘वर्षानुवर्षे तिथेच राहिलेली’ असे लिहा. तिची अकरा वर्षे उन्हाळ्यात सहाला आणि हिवाळ्यात सातला वाजणाऱ्या घंटेवर गेली, आणि दोन्ही ऋतूंत आठला अंथरूण. ‘दीर्घकालीन’मध्ये ती घंटा ऐकू येत नाही.

आणखी एक: धडधाकट नवराबायकोला वेगळ्या वर्गांत ठेवत, पण दोघेही साठीपुढचे असतील तर १८४७ पासून एकत्र खोली मागता येत असे. त्यामुळे म्हाताऱ्या जोडप्याबद्दल ‘कायमची ताटातूट’ लिहिण्याआधी साल पाहून घ्या.

प्रतिसाद १

नोंदवहीतल्या ‘डिस्चार्ज्ड’ शब्दाबद्दल राहिले. दवाखान्यातून ‘डिस्चार्ज मिळाला’ म्हणजे बरे होऊन घरी गेला असे आपण समजतो. वर्कहाउसच्या दाखल-बाहेर नोंदवहीत मेलेल्या माणसाची नोंदही बाहेर पडणाऱ्यांच्याच बाजूला होई आणि पुढे ‘मृत’ असा शेरा पडे. प्रेताला वारस आला नाही तर १८३२ च्या शरीरशास्त्र कायद्याप्रमाणे ते वैद्यकीय शाळेला देता येत असे. तेव्हा ‘डिस्चार्ज्ड’ दिसले की आधी शेऱ्याचा रकाना वाचा. तिथे काही नसेल तरच ‘बाहेर पडली’ लिहा.