मदत हवी आहे: गुच्छातल्या दीर्घिकांभोवतीचं कृष्णद्रव्य मोजताना आलेख शून्याखाली जातोय

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पात तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे. इथे खगोलभौतिकीतली जाणकार मंडळी आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारते.

दीर्घिका अनेक दीर्घिकांच्या गुच्छात ओढली गेली की गुच्छाच्या भरती-ओहोटीच्या बलांनी तिच्याभोवतीचं कृष्णद्रव्य (प्रकाश न देणारं, न दिसणारं वस्तुमान) बाहेरून सोललं जातं. किती उरलं, ते मला गुरुत्वीय भिंगाने, म्हणजे वस्तुमानामुळे मागून येणारा प्रकाश वाकतो त्यावरून, मोजायचं आहे. खगोलभौतिकशास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन आणि सहकाऱ्यांचा सीएल ००२४+१६ या गुच्छावरचा २००९ चा पेपर वाचून मी हा विषय घेतला. केंद्रापासून दूर जावं तसं दीर्घिकांभोवतीचं कृष्णद्रव्य जास्त सापडतं, असं त्यात आहे. फार सुंदर काम आहे ते.

मी वापरतेय ते दुर्बल भिंग: मागच्या दीर्घिकांचे आकार अगदी किंचित ताणले जातात, ते मोजायचं. मागच्या दीर्घिकांचे आकार सुबारू दुर्बिणीच्या हायपर सुप्राईम-कॅमच्या खुल्या कॅटलॉगमधून, गुच्छ आणि त्यांतल्या सदस्य दीर्घिका रेडमॅपरमधून (आकाशाच्या चित्रांतून गुच्छ शोधणारा अल्गोरिदम). एका सदस्यामुळे मागच्या दीर्घिकेचा आकार फार तर एखाद टक्का ताणला जातो, आणि तिचा मुळातला लांबटपणाच ०.३ च्या आसपास! एकेकटीकडून काहीच कळत नाही. दहा हजारांची सरासरी घेतली की नॉईज ०.३ भागिले १००, म्हणजे ०.००३ वर येतो, तेव्हा कुठे सिग्नल दिसतो. म्हणून सगळे सदस्य एकावर एक रचले आणि भोवतीच्या कड्यांमध्ये शिअर (आकारांचा हा ताण) मोजला. केंद्रातली सर्वांत तेजस्वी दीर्घिका वगळली आहे.

१०० किलोपार्सेकच्या (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं, हजार किलोपार्सेक म्हणजे एक मेगापार्सेक) आत स्वच्छ धन सिग्नल येतो. मग तो उतरतो आणि अर्ध्या मेगापार्सेकच्या आसपास चक्क ऋण होतो, पुढे पुन्हा वर. ऋण वस्तुमान कुठून आलं? शिअरचा ४५ अंशांत फिरवलेला घटक, जो भिंगामुळे शून्यच यायला हवा, तो शून्य येतो, कुठल्याही भलत्या बिंदूंभोवतीही शून्यच. म्हणजे आकारांच्या मोजणीत सरसकट चूक नसावी. हा कोडमधला घोळ आहे का? नसेल तर गुच्छाचा वाटा वेगळा कसा काढायचा?

प्रतिसाद

कोड बरोबर आहे, घाबरू नका. शिअरमधून मिळतं ते वस्तुमान नाही. कड्याच्या आतली सरासरी घनता वजा प्रत्यक्ष कड्यावरची घनता, एवढंच मिळतं. सदस्य केंद्रापासून अर्ध्या मेगापार्सेकवर असेल तर त्याच त्रिज्येचं कडं गुच्छाच्या बरोबर केंद्रावरून जातं. कड्यावर घनता जास्त, आत कमी, म्हणून उत्तर ऋण.

खात्री करायची तर केंद्रापासूनच्या अंतराप्रमाणे सदस्यांचे गट पाडा. आलेखातला ऋण खळगा त्या अंतराबरोबर सरकला पाहिजे. गुच्छाचा वाटा काढायला प्रत्येक सदस्यासाठी केंद्राच्या थेट पलीकडे, तेवढ्याच अंतरावर एक बिंदू घ्या, त्याच्याभोवती तसाच शिअर मोजा आणि वजा करा. गुच्छ लांबट असला तरी समोरासमोरच्या दोन्ही जागी त्याचा वाटा जवळपास सारखाच असतो, म्हणून नुसत्या त्याच अंतरावरच्या कुठल्याही बिंदूपेक्षा हे बरं. मात्र केंद्र चुकलेलं असेल तर हे सगळं विस्कटतं. शिवाय गुच्छाचेच सदस्य मागच्या दीर्घिकांमध्ये मिसळले तर सिग्नल पातळ होतो. रेडशिफ्टची (प्रकाशाची ताम्रसृती, जिच्यावरून दीर्घिका किती दूर ते कळतं) अट कडक ठेवा.

मूळ लेखिका

मनापासून आभार! रात्रीच तीन गट करून पाहिले. खळगा सरकला, तिन्ही वेळा, प्रत्येक गटाच्या अंतरापाशीच. तीन आठवडे मी ज्याला चूक समजत होते तो गुच्छच होता.

आता पलीकडचे बिंदू लावते. केंद्राबद्दल एक शंका: रेडमॅपर प्रत्येक गुच्छाला केंद्राचे पाच उमेदवार आणि त्यांची संभाव्यता देतं. पहिल्याची ०.९ च्या वर असलेलेच गुच्छ ठेवू, की सगळे ठेवून चुकलेलं केंद्र मॉडेलमध्ये धरू? पहिल्या वाटेने सदस्य बरेच कमी होतात.