मदत हवी आहे: ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता दीडपट झालाय, आईवडिलांचं कव्हर कसं वाचवू?

मंडळी, नमस्कार.

नाशिकला सातपूर एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा), मेडिक्लेम सगळं माझ्याकडे. पुढच्या महिन्यात ग्रुप मेडिक्लेमचं रिन्यूअल आहे आणि कोटेशन बघून साहेब म्हणाले, "आईवडील काढून टाका." मला ते काढायचे नाहीत. पण नुसतं "नको" म्हणून चालणार नाही, आकड्यांत बसणारा पर्याय द्यावा लागेल.

माणसं साठेक. २१,००० पर्यंत पगार असलेले ईएसआयसीत. त्यावरचे ३८ जण (मशीन लावून देणारे सेटर, व्हीएमसी मशीनचे ऑपरेटर, क्वालिटी, ऑफिस) मेडिक्लेममध्ये. स्वतः, जोडीदार, दोन मुलं आणि आईवडील किंवा सासूसासरे, मिळून कुटुंबाला ३ लाख. गेल्या वर्षी हप्ता ९ लाख अधिक जीएसटी. क्लेम गेले ९ लाख ४० हजारांचे. आता विमा कंपनी साडेतेरा लाख मागतेय, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १६ लाख. त्या जीएसटीचं क्रेडिटही आम्हाला मिळत नाही, म्हणजे तो आमच्या भरायच्या करातून वजा होत नाही.

क्लेमची यादी मी ओळ न् ओळ पाहिली. एका ऑपरेटरच्या आईचे दोन्ही गुडघे आणि एका सेटरच्या वडिलांची बायपास, या दोन केसेसमध्येच ६ लाख गेले. डेंग्यू, बाळंतपणं, अपेंडिक्स, मोतीबिंदू असं बाकीचं सगळं ३ लाख ४० हजारांत बसलं.

साहेबांना वाटतं, आईवडील ही चैन आहे. माझा अनुभव उलटा आहे. चांगला सेटर मुलाखतीला आला की पगारानंतर लगेच विचारतो, "मॅडम, घरच्यांचा मेडिक्लेम आहे ना?" पंचविशी-तिशीतल्या पोराला स्वतःच्या आजाराची काळजी नसते, गावाकडच्या वडिलांच्या शुगरची असते. शेजारच्या मोठ्या कारखान्याइतका पगार आम्ही देऊ शकत नाही, मग निदान हे तरी टिकवायला हवं.

आतापर्यंत पुढे आलेले मार्ग असे:

आईवडिलांच्या क्लेमवर २० टक्के को-पे. कागदावर छान दिसतं. पण ३ लाखांच्या बिलात ६०,००० त्या माणसाने भरायचे, आणि त्याच्या हातात महिन्याला २६,००० पडतात. ॲडव्हान्सचा अर्ज परत माझ्याच टेबलावर येणार.

ग्रुप बंद करून प्रत्येकाला भत्ता द्यायचा. वैयक्तिक पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, म्हणून साहेबांना हे आवडलंय. पण आमच्या ग्रुपमध्ये जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेत. वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि साठीच्या पुढच्या मधुमेही माणसाला विमा कंपनी नाहीही म्हणू शकते.

तिसरी गोष्ट मला जास्त छळते. २१,००० पगारावर ईएसआयसीला कंपनीचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के जातात, वर्षाला दोन्ही मिळून १०,०८०. त्यात अवलंबून असलेल्या आईवडिलांसह उपचार मिळतात आणि खर्चाला वरची मर्यादा नाही. मेडिक्लेममध्ये जीएसटी धरून कुटुंबामागे आम्ही २८,००० च्या आसपास भरतो आणि ३ लाखांवर थांबतो. म्हणजे आईवडील काढले, तर २०,८०० वरून २१,५०० वर गेलेल्या पोराचं ईएसआयसीची वर्गणी चालू सहामाही संपली की बंद, त्यानंतर काही महिन्यांनी उपचारही बंद आणि आईवडील उघड्यावर. वाढ देऊन नुकसान करायचं का?

कोणी छोट्या कंपनीत यातून मार्ग काढलाय का?

प्रतिसाद १

ताई, मी विमा ब्रोकिंगमध्ये आहे. तुमचा निम्म्याहून जास्त खर्च दोन केसेसचा आहे, तेव्हा नुसत्या क्लेम रेशोवर (हप्त्याच्या तुलनेत किती क्लेम गेले त्यावर) दर मान्य करू नका. झालेले गुडघे दर वर्षी होत नाहीत, हे लेखी मांडा. तीन वर्षांच्या क्लेमचा तपशीलवार अहवाल (एमआयएस) घेऊन दुसऱ्या कंपन्यांचेही कोटेशन आजच मागवा.

आईवडिलांची पॉलिसी वेगळी करा. मुख्य पॉलिसीचा दर लगेच खाली येईल. आईवडिलांचा हप्ता कंपनी आणि कर्मचारी मिळून भरा, पण "हवं त्याने घ्या" असं ठेवू नका. तसं केलं की ज्यांच्या घरी आजारपण आहे तेवढेच आत येतात आणि दोन वर्षांत पॉलिसी कोणालाच परवडत नाही. ज्यांचे आईवडील आहेत ते सगळे आत, हाच नियम हवा.

को-पे लावायचाच तर नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या हॉस्पिटलपुरता. आणि रूम रेंटचं गणित लोकांना ॲडमिट होण्याआधी सांगा. मर्यादा ४,००० ची आणि खोली ६,००० ची घेतली, तर नुसते वरचे दोन हजार नाही, सर्जनची फी, ओटीचा खर्च हेही दोन तृतीयांशच मिळू शकतात. औषधं आणि इम्प्लांटना मात्र ही कपात लागत नाही.

प्रतिसाद २

सत्तरीच्या पुढच्या आईवडिलांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही, खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. आधारवर नोंदणी होते. हॉस्पिटल योजनेतलं आहे का तेवढं आधी बघा. सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. वेगळ्या पॉलिसीचं कोटेशन मागवलंय, आणि वय वंदनासाठी सोमवारी कॅन्टीनमध्येच आधार कार्डं गोळा करायला बसते. मात्र कार्ड आहे म्हणून सत्तरीवरच्यांना पॉलिसीतून वगळणार नाही. गावाजवळ योजनेतलं हॉस्पिटल नसेल तर ते कुठे जाणार?

आता एकच अडलंय. हप्त्यातला कर्मचाऱ्याचा वाटा सगळ्यांना सारखा ठेवू की पगारानुसार? २२,००० वाल्याकडून आणि ७०,००० वाल्या मॅनेजरकडून सारखीच रक्कम कापणं मला पटत नाही, पण टप्पे पाडले तर वरचे लोक कुरकुर करतील. ज्यांनी टप्पे लावलेत त्यांनी कंपनीचा वाटा कुठे किती ठेवला, ते प्लीज सांगा.