सल्ला हवा: '२००० ए.डी.' वाचायला कुठून सुरुवात करावी?

पानगळ
नमस्कार मंडळी. '२००० ए.डी.' या ब्रिटिश विज्ञानकथा साप्ताहिकाबद्दल सल्ला हवा आहे. १९७७ पासून दर आठवड्याला निघतंय आणि प्रत्येक अंकात चार-पाच वेगवेगळ्या क्रमशः कथा. संग्रहांची यादी उघडली की कुठलं टोक धरावं तेच कळत नाही.

माझ्या अटी अशा: बजेट चार पुस्तकांचं. कृष्णधवल चालेल. विज्ञानकथा, त्यातही लघुकथा, वाचायची सवय आहे. सुपरहिरो नकोत. 'जज ड्रेड: द कम्प्लीट केस फाइल्स'चा खंड १ घेऊन क्रमानं पुढे जावं का? आणि छापील घ्यावं की डिजिटल?

काळीशाई
पानगळताई, खंड १ सध्या बाजूला ठेवा. (ड्रेड म्हणजे भविष्यातल्या एका महानगरातला 'न्यायाधीश': पोलीसही तोच आणि जागच्या जागी शिक्षा देणाराही तोच. तिथलं राज्यही अशा न्यायाधीशांच्याच हातात.) त्यात अंक २ ते ६० आहेत (तिथे अंकाला 'प्रॉग' म्हणतात, यादीत तोच शब्द दिसेल). तेव्हा हे कॉमिक शाळकरी मुलांसाठी निघायचं आणि ड्रेडचं जग अजून ठरत होतं. पात्र घडवलं जॉन वॅग्नर आणि स्पॅनिश चित्रकार कार्लोस एझ्केरा यांनी. पण छापून आलेली पहिली गोष्ट लिहिली पीटर हॅरिसने आणि काढली माइक मॅकमॅहनने. पुढचे काही महिने लेखक बदलत राहतात, शहराचं रूप अंकागणिक हलतं, आणि बहुतेक गोष्टी पाचेक पानांत एक गुन्हेगार पकडून संपतात. आठवड्याला एक वाचणाऱ्या मुलाला ते पुरेसं होतं. तेच सलग तीनशे पानं वाचणाऱ्याची दमछाक होते, आणि 'ड्रेड काही जमला नाही' म्हणून पुस्तक मिटलं जातं.

सरळ खंड ५ घ्या. अंक २०८ ते २७०, काळ १९८१-८२. लेखन वॅग्नर आणि ॲलन ग्रँट या जोडीचं, दोघंही पूर्ण भरात. आधी ब्रायन बोलंडने काढलेली 'जज डेथ लिव्ज' येते. जिवंत माणसंच गुन्हे करतात, म्हणून जगणं हाच गुन्हा ठरवणारे चार न्यायाधीश, अशी ती कल्पना. मग 'ब्लॉक मेनिया': एकेका गगनचुंबी वसाहतीतले हजारो रहिवासी शेजारच्या वसाहतीवर तुटून पडतात. ती आग विझायच्या आत 'द अपॉकलिप्स वॉर' सुरू होतं. अणुयुद्धाचे पंचवीस भाग, आणि सगळे एकट्या एझ्केराने काढलेले. साप्ताहिकाच्या वेळापत्रकात एका हाताने एवढं काम होणं फार दुर्मीळ, आणि त्याचा परिणाम पानांवर दिसतो: चेहरे, यंत्रं, उद्ध्वस्त रस्ते शेवटपर्यंत एकाच जगातले वाटतात.

शेवटाकडे ड्रेड एक निर्णय घेतो. तो इथे सांगत नाही. या कथेत काळ वाचकाच्या काळाबरोबर चालतो, एक वर्ष उलटलं की ड्रेडही एका वर्षाने म्हातारा होतो. त्यामुळे १९८२ मधल्या त्या निर्णयाची किंमत शहराला २०११-१२ च्या 'डे ऑफ केऑस'मध्ये मोजावी लागते. तीस वर्षांनी, त्याच लेखकाच्या हातून.

चौकटीबाहेर
खंड ५ ला +१. पण धागाकर्तीची सवय लघुकथेची आहे, तर पहिलं पुस्तक ड्रेडचं का? 'थार्ग्ज फ्यूचर शॉक्स' पासून सुरुवात करा. (थार्ग म्हणजे या साप्ताहिकाचा हिरवा, परग्रहावरचा काल्पनिक संपादक.) चार-पाच पानांची स्वतंत्र गोष्ट आणि शेवटी कलाटणी, असा हा प्रकार १९७७ पासून चालू आहे. नव्या लेखकाची इथे परीक्षा होते. ग्रँट मॉरिसन आणि पीटर मिलिगन इथूनच पुढे आले, नील गेमननेही काही लिहिल्या.

ॲलन मूरच्या अशा गोष्टींचा वेगळा संग्रह मिळतो, तो घ्या. त्यातल्या दोन आधी वाचा. 'द रिव्हर्सिबल मॅन' (१९८३, चित्रं माइक व्हाइट) फक्त चार पानांची. एक माणूस फुटपाथवर कोसळून मेलेला आहे, तिथून त्याचं आयुष्य उलटं सरकत जन्मापर्यंत जातं. युक्ती पहिल्या पानावरच उघड होते. पुढे धक्का एकही नाही, तरी शेवटचं पान वाचताना गळा दाटतो, कारण उलट्या क्रमात मृत्यू हे आगमन होतं आणि ओळख हा निरोप. दुसरी 'क्रोनोकॉप्स' (१९८३, चित्रं डेव्ह गिबन्स). काळात मागेपुढे जाणारे दोन पोलीस स्वतःच्याच आधीच्या खेपेतल्या प्रसंगांना ओलांडून जातात. ही दोनदा वाचावी लागते. दुसऱ्यांदा प्रत्येक चौकटीत पात्रांच्या मागे काय चाललंय ते तपासा, पुढे घडणाऱ्या गोष्टी तिथे आधीच चालू असतात.

एक पथ्य पाळा. एका बैठकीत तीन-चारच वाचा. कलाटणीच्या गोष्टी सलग वाचल्या की डोळा शेवटच्या चौकटीकडे पळतो आणि चांगली गोष्टही फुकट जाते. याच कारणाने अनेक लेखकांचे जाडे एकत्रित खंड सुरुवातीला नकोत, त्यांत भरताड बरीच आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं: या साप्ताहिकात पात्राच्या नावावर पुस्तक घेऊ नका, लेखक-चित्रकाराच्या नावावर घ्या. ड्रेड पन्नास जणांनी लिहिला असला तरी तुम्हाला हवा आहे तो वॅग्नरचा. इतर ब्रिटिश कॉमिक्स तेव्हा निर्मात्यांची नावं छापत नसत, इथे ती पहिल्या वर्षापासून दिसू लागली ('स्क्रिप्ट रोबॉट', 'आर्ट रोबॉट' अशा पाटीखाली). मात्र जुन्या पानांवर 'जॉन हॉवर्ड' किंवा 'टी. बी. ग्रोव्हर' दिसलं तर गोंधळू नका. ती वॅग्नरची टोपणनावं. तो आणि ग्रँट इतकं लिहीत होते की खऱ्या नावांनी अंक भरून गेला असता.

दुर्बीण
तुमच्या अटी वाचून 'द बॅलड ऑफ हेलो जोन्स' हेच नाव पहिलं सुचलं. लेखन ॲलन मूर, चित्रं इयन गिब्सन, १९८४ ते १९८६. नायिका कुठल्याही अर्थाने खास नाही: पन्नासाव्या शतकातली एक बेकार मुलगी. मॅनहॅटनजवळ समुद्रात 'हूप' नावाचं कडं तरंगतं, बेकारांना तिथे कोंबलेलं आहे. तिला तिथून बाहेर पडायचंय, एवढीच कथा.

पहिल्या भागात बरेच वाचक अडखळतात, म्हणून आधीच सांगते. मूरने पात्रांना त्यांच्या काळाची बोली दिली आहे आणि अर्थ कुठेही सांगितलेला नाही. बाजारहाटाला जाऊन परत येण्यात कित्येक साप्ताहिक हप्ते जातात. शब्द अडला तर थांबू नका, तिसऱ्या-चौथ्या हप्त्यापर्यंत कान सरावतो. त्यानंतरही जड वाटलं तर दुसऱ्या भागाचं प्रास्ताविक वाचून या. ते पुढच्या काळातल्या एका इतिहासाच्या प्राध्यापकाचं व्याख्यान आहे आणि त्यात आधीच्या घटनांचा सारांश मिळतो.

तिसरा भाग युद्धाचा. मोआब या ग्रहावर गुरुत्वाकर्षण इतकं प्रचंड आहे की तिथे काळ सावकाश जातो. सैनिकाला वाटतं चकमक काही मिनिटांची झाली, बाहेर मात्र त्याहून कितीतरी वेळ उलटलेला असतो. भौतिकशास्त्रातली एक गोष्ट घेऊन माणसाचं तारुण्य कुठे गेलं हे दाखवणारं इतकं नेमकं लेखन कॉमिक्समध्ये मला दुसरं माहीत नाही.

मूरला कथा आणखी पुढे न्यायची होती. हक्कांच्या प्रश्नावर प्रकाशकाशी जमलं नाही आणि तीन भागांवर काम थांबलं. तरी शेवट अर्धवट वाटत नाही, बिनधास्त घ्या.

पानगळ
फारच छान माहिती! हेलो जोन्स नक्की. पण दुकानात रंगीत आणि कृष्णधवल अशा दोन आवृत्त्या दिसतात. कुठली घेऊ? आणि 'कर्स्ड अर्थ' हे नाव सगळीकडे येतंय, ते खंड २ मध्ये आहे ना?

दुर्बीण
कृष्णधवल. रंग २०१८ च्या आवृत्तीत बार्बरा नोसेन्झो यांनी भरले. काम मन लावून केलेलं आहे. पण गिब्सनने पानं रंगासाठी आखली नव्हती. गर्दीच्या चौकटीत तो काळ्या ठिपक्यांनी आणि रेघांच्या दाटीने नजर वळवतो. त्यावर रंग चढला की सगळं सारख्याच जोरात बोलू लागतं आणि हेलो कुठे उभी आहे ते शोधावं लागतं.

काळीशाई
'द कर्स्ड अर्थ' (१९७८) खंड २ मध्ये आहे, पण पूर्ण नाही. ड्रेड साथीची लस घेऊन ओसाड अमेरिका पार करतो, बहुतांश लेखन पॅट मिल्स यांचं. त्यातले अंक ७१, ७२, ७७ आणि ७८ मधले चार भाग अमेरिकी खाद्यपदार्थ कंपन्यांच्या बोधचिन्हांची टर उडवणारे होते. कायदेशीर अडचणीमुळे ते कित्येक दशकं पुन्हा छापले गेले नाहीत. ब्रिटनमध्ये २०१४ साली विडंबनाबद्दलचा कायदा बदलला, त्यानंतर २०१६ मध्ये 'द कर्स्ड अर्थ अनसेन्सर्ड' निघालं. घ्यायचं तर तेच. खंड २ घेतला तर मधले चार आठवडे गायब असतील, आणि वाचताना ते कळणारही नाही.

पाटीपेन्सिल
'अमेरिका' सुचवायची राहिली म्हणून लिहितोय. १९९० साली 'जज ड्रेड मेगझीन' हे मासिक सुरू झालं, त्याच्या पहिल्याच अंकापासून ही कथा आली. सात भाग, लेखन वॅग्नर, रंगवलेली पानं कॉलिन मॅकनीलची. ड्रेड इथे जवळजवळ कडेला आहे. गोष्ट अमेरिका जारा या स्थलांतरितांच्या मुलीची आणि तिच्यावर जीव असलेल्या बेनेट बीनीची. न्यायाधीशांच्या राज्यात लोकशाही मागितली की काय होतं, हे वॅग्नर कुणाचीही बाजू हलकी न करता लिहितो. २०१२ चा 'ड्रेड' सिनेमा आवडलेल्यांनाही मी हेच देईन. खंड ५ नंतर वाचा, आधी नको. ड्रेड आपला वाटू लागलेला असला तरच ही कथा लागते.

'स्ट्रॉन्शियम डॉग'ही बघा. वॅग्नर-एझ्केरा जोडीच, सुरुवात १९७८ मध्ये 'स्टारलॉर्ड' या भावंड-साप्ताहिकात. ते बंद होऊन '२००० ए.डी.'त विलीन झालं तेव्हा कथाही इकडे आली. सगळं नको, 'पोर्ट्रेट ऑफ अ म्युटंट' (१९८१) तेवढं वाचा: किरणोत्सारामुळे वेगळी जन्मलेली माणसं, आणि त्यांच्याविरुद्ध कायदे करणाऱ्या पुढाऱ्याचाच मुलगा त्यांच्यातला. जातीची उतरंड पाहिलेल्या वाचकाला ते फार जवळचं वाटेल.

चौकटीबाहेर
'नेमेसिस द वॉरलॉक'चं पहिलं पुस्तकही त्याच वळणाचं, पण चित्रांत कुणाच्या बापाला ऐकत नाही. मिल्सचं लेखन, केव्हिन ओनीलची टोकदार, काटेरी पानं. परक्यांचा संहार हेच धर्मकार्य मानणारा टोर्क्वेमाडा हा खलनायक. फक्त ओनीलचे भाग घ्या. दुसऱ्या पुस्तकात चित्रकार बदलतो आणि ती जादू ओसरते, तिसऱ्यात ओनील परत येतो.

आजच्या काळातलं एक हवं असेल तर 'ब्रिंक' (२०१६ पासून). डॅन ॲबनेटचं लेखन, आय. एन. जे. कल्बर्डची चित्रं. पृथ्वी सोडून दिलेली, माणसं कक्षेतल्या बंद वसाहतींत दाटीवाटीने राहतात आणि तिथला एक पोलीस तपास. मारामारी अगदी कमी, बोलणं जास्त. मागचं काहीही वाचलेलं लागत नाही.

काळीशाई
छापील-डिजिटलबद्दल. प्रकाशक रिबेलियन (२००० सालापासून हक्क त्यांच्याकडे) स्वतःच्या संकेतस्थळावर पीडीएफ आणि सीबीझेड (कॉमिक्ससाठीचा फाइल-प्रकार) विकतो, कुलूप नसलेल्या फाइली. परदेशी टपालखर्च वाचतो. पण फोनवर वाचू नका. पान अमेरिकन कॉमिकपेक्षा मोठं, एका पानावर सात-आठ चौकटी, संवादाचे फुगे खच्चून भरलेले. फोनवर अक्षर मोठं करावं तर चौकटींचा क्रम हातून सुटतो. दहा इंची टॅबलेट किमान हवा.

छापील घेतलं तर एवढं ध्यानात ठेवा की जुन्या काळी ड्रेडची अंकाच्या मधली जोडपानं बऱ्याचदा रंगीत असत. केस फाइल्सच्या सुरुवातीच्या खंडांत ती कृष्णधवल छापली आहेत, आणि जाड पुस्तकाच्या शिवणीत मधली बोटभर पट्टी बुडते. कणा मोडून उघडू नका, डिंकाची बांधणी आहे, पानं सुटतात.

कुणी रद्दीतून किंवा परदेशातून सुटे जुने अंक मिळवणार असेल तर अमेरिकन मापाच्या पिशव्या आणू नका, हे अंक त्यांत मावत नाहीत. अंकाच्या मापाची पॉलिप्रॉपिलीन पिशवी, मागे आम्लरहित पुठ्ठा. कागद वर्तमानपत्री आहे, पिवळा पडणारच. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात खरा धोका पिनांच्या गंजाचा: डाग मधल्या पानांत उतरतो आणि मग निघत नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ऑक्टोबरात बदला.

पानगळ
मग असं ठरवते: मूरचे फ्यूचर शॉक्स, हेलो जोन्स कृष्णधवल, केस फाइल्स ५, आणि 'अमेरिका'. 'ब्रिंक' पुढच्या खेपेला. एकच शंका: 'अमेरिका'चे पुढचे भागही आहेत असं दिसतंय. सुटं पुस्तक घेतलं तर ते राहून जातील का?

पाटीपेन्सिल
नाही राहणार. 'फेडिंग ऑफ द लाइट' (१९९६) आणि 'कॅडेट' (२००६) हे दोन्ही भाग मूळ कथेसोबत एकत्र असलेलं पुस्तक मिळतं, तेच मागवा. मात्र पहिली कथा संपली की पुस्तक आठवडाभर मिटून ठेवा. मूळ वाचकांना पुढच्या भागासाठी सहा वर्षं थांबावं लागलं होतं, आणि बेनेटचं पुढे काय झालं हे लगेच कळलं तर पहिल्या शेवटाचा घाव बसायला वेळच मिळत नाही.