विद्यापीठाच्या अभिलेखागारात काय ठेवायचं आणि काय रद्दीत द्यायचं?

कपाटाची_किल्ली

नमस्कार मंडळी. एका राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. कोणतं ते विचारू नका, नोकरी करायचीय. अमृतमहोत्सव तोंडावर आला म्हणून वरून आदेश निघाला, 'विद्यापीठाचं अभिलेखागार उभारा.' जागा मिळाली ती जुन्या परीक्षा भवनाच्या तळमजल्यावरचा हॉल. थोडे लोखंडी रॅक, अर्ध्या दिवसापुरता एक शिपाई, आणि निधीबद्दल 'नंतर बघू'.

बातमी फुटली आणि प्रत्येक विभागाला आपली अडगळ आठवली. परीक्षा विभागाकडून टेम्पो आला. त्यात टी.आर.ची (टॅब्युलेशन रजिस्टर, सगळ्या विद्यार्थ्यांच्या गुणांची नोंद) जाडजूड रजिस्टरं, आणि खाली नव्वदच्या दशकातल्या पुनर्मूल्यांकन अर्जांची पोती. संलग्नता विभागाने महाविद्यालयांच्या तपासणी समित्यांचे अहवाल पाठवले, समितीच्या चहा-नाश्त्याच्या बिलांसकट. जनसंपर्कवाल्यांचे दीक्षान्ताचे अल्बम आले: कुलपती हार घालताना, कुलगुरू हार घालून घेताना, पुढच्या वर्षी तेच, फक्त कोट वेगळे. वसतिगृहाच्या रेक्टरना मेसची जुनी रजिस्टरं कधी एकदा जातात असं झालंय. आणि वनस्पतिशास्त्राच्या एका दिवंगत सरांच्या पत्नींचा फोन आला, सरांच्या क्षेत्रभेटींच्या वह्या ट्रंका भरून आहेत, नेता का?

आमच्या समितीतल्या एका ज्येष्ठांचं मत, 'फक्त मोठ्या माणसांचे कागद ठेवा, छान काचेच्या पेटीत.' दुसरे म्हणतात, 'सरकारी कागद आहे, एकही टाकायचा नाही.' हॉलकडे बघितलं की दोघांवरही विश्वास बसत नाही. निकष कोणता लावायचा? आणि मार्क, जातीचे दाखले असलेले कागद कुणाला दाखवायचे?

विदा_पुरुष

सगळं स्कॅन करून टाका ना. हार्ड डिस्क आता स्वस्त आहेत. कागद रद्दीत, जागा मोकळी.

रेकॉर्डवाले_काका

ताई, आधी तो टेम्पो थांबवा. यादीशिवाय काहीही आत घ्यायचं नाही. विभाग, विषय, वर्ष, बस्ता (गठ्ठा) क्रमांक, खाली देणाऱ्याची सही. यादी नाही तर टेम्पो परत. यादी करायला सांगितली की निम्म्या विभागांचं इतिहासप्रेम आपोआप ओसरतं.

विदा_पुरुष, स्कॅनिंग स्वस्त नसतं. टाचण्या काढणं, घडी उलगडणं, प्रत्येक फाईलला शोधता येईल असं नाव देणं, हे माणूसच करतो. निवड न करता स्कॅन केलेली रद्दी ही डिस्कवरची रद्दी.

मी आधी महसुलात होतो, नंतर विद्यापीठात आलो. महसुलात सहा गठ्ठे पद्धत अंगवळणी पडलेली असते. नगरचे कलेक्टर अँडरसन यांनी घालून दिलेली, शंभर वर्षं होऊन गेली तरी चालते. त्यात एक गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा आणि एक नष्ट करायच्या कागदांचा, म्हणजे निवड टेबलावरच होते. विद्यापीठात आलो तर गठ्ठा एकच, कपाटावरचा.

सरकारी वर्गवारी तुम्हाला ठाऊक असेलच. 'अ' कायम, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'ड' वर्षभर. पण ही मुदत कार्यालयाच्या गरजेची आहे. 'ड'मधलं भित्तिपत्रक उद्या इतिहासाला लागू शकतं, आणि 'अ'मधली सगळीच बाडं काही कुणी उघडत नाही. म्हणून विभागांचं निंदणीकरण (नको ते कागद निवडून नष्ट करणं) चालू असताना अभिलेखागाराचा माणूस तिथे हजर हवा, एवढं परिपत्रक तेवढं काढून घ्या.

आता निकष. विद्यापीठाने काय केलं आणि का केलं याचा हा कागद पुरावा आहे का? आणि तो दुसरीकडे कुठे मिळतो का? दोनच प्रश्न विचारा.

अधिसभा, विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद (जुन्या कायद्यातली कार्यकारी परिषद) यांची इतिवृत्तं ठेवालच. पण नुसती इतिवृत्तं ठेवू नका. त्यांत 'चर्चेअंती मान्य' एवढंच असतं. भांडण कशावरून झालं ते विषयपत्रिकेच्या जोडपत्रांत आणि फाईलीच्या टिपणी बाजूला, म्हणजे अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांत, सापडतं. त्याहून दुर्लक्षित म्हणजे अभ्यास मंडळांचे कागद. बी.ए.ला एखादा कवी कधी लागला, कुणाच्या पत्रावरून निघाला, कृषी अर्थशास्त्राचा पेपर कोणत्या वर्षी बंद पडला, हे जगात दुसरीकडे कुठेही नाही. अध्यक्ष निवृत्त झाले की त्यांच्या घरच्या माळ्यावर जातं आणि तिथून बोहारणीकडे. हे मिळवायला तुम्हाला स्वतः लोकांच्या घरी जावं लागेल. सगळ्यात जास्त श्रम तिथे घाला.

प्रश्नपत्रिकांचा पूर्ण संच ठेवा. वर्गात प्रत्यक्ष काय शिकवलं जात होतं याचा त्याहून चांगला साक्षीदार नाही. उत्तरपत्रिका मात्र नकोत. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा हक्क दिला, तोही जपणुकीची मुदत असेपर्यंतच. मुदत संपली, नियमाप्रमाणे नष्ट. पुनर्मूल्यांकनाची पोतीही गेली. एखाद्या वर्षाचा नमुना तेवढा काढून ठेवा, अर्जाचा फॉर्म कसा होता ते दिसायला.

टी.आर. कायमच ठेवायचं, पण परीक्षा विभागाने. पन्नास वर्षांपूर्वीच्या पदवीची पडताळणी आजही मागतात. ती जबाबदारी तुमच्या गळ्यात मारायला टेम्पो आलाय, ओळखा! पीएच.डी.चे प्रबंध ग्रंथालय बघेल, शिवाय शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर) चढतात. संलग्नतेचे तपासणी अहवाल सोन्यासारखे, तालुक्याच्या गावात कॉलेज सुरू झालं तेव्हा प्रयोगशाळेत काय होतं आणि काय नव्हतं ते त्यांत असतं. बिलं फाडा. अल्बममधून वर्षाला पाच-सहा फोटो, मागे नावं लिहिलेले. नावं नसतील तर जुन्या कर्मचाऱ्यांना बोलावून लिहून घ्या, ते आहेत तोवर.

आणि 'फक्त मोठ्या माणसांचे कागद' म्हणणाऱ्या साहेबांना एक विचारा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेबांची विद्यार्थी म्हणून असलेली फाईल आजही आहे. कोलंबियाच्या प्राध्यापक सेलिगमन यांनी त्यांच्याबद्दल प्राध्यापक फॉक्सवेल यांना लिहिलेलं पत्र तिच्यात आहे. कारकुनाने ती फाईल लावली तेव्हा ते त्याच्यासाठी भारतातून आलेले एक विद्यार्थी होते. कोण मोठं होणार हे प्रवेशाच्या खिडकीवर कळत नाही. सगळे प्रवेश अर्ज ठेवता येणार नाहीत हेही खरं. म्हणून दर दहा वर्षांतलं एक वर्ष अख्खं ठेवा, हुशार-ढ काही न निवडता, आणि बाकीच्यांची नोंदणी रजिस्टरं.

जे नष्ट कराल त्याची यादी, समितीची सही आणि तारीख कायम ठेवायची.

बेगमपुरा

काकांचा मुद्दा पटला, पण एक राहिलं. कार्यालयाच्या फाईलीत विद्यापीठाचा अर्धाच इतिहास असतो. आमच्या मराठवाडा विद्यापीठाचं उदाहरण घ्या. 27 जुलै 1978ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला, नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994ला. मधल्या जवळजवळ साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यात घरं जळली, माणसं मेली, मोर्चे निघाले. ठराव आणि अधिसूचना सरकारी कपाटात सहज मिळतील. पण दोन्ही बाजूंची पत्रकं, वसतिगृहाच्या खोल्यांत रात्री लिहिलेली पोस्टरं, कार्यकर्त्यांची पत्रं, पोलिसांच्या नोटिसा? ज्यांनी जपल्या त्यांच्या ट्रंकेत आहेत, आणि ती माणसं आता सत्तरीत आहेत.

तेव्हा विद्यार्थी संघटनांकडे जा, सगळ्या रंगांच्या. कर्मचारी संघटनेकडे जा. विद्यापीठाविरुद्ध लिहिलेला कागद विद्यापीठाच्या अभिलेखागारात हवाच. विश्वास बसला नाही म्हणून कुणी मूळ प्रत देणार नाही, तर तिथेच स्कॅन करा आणि मूळ परत द्या. शक्य तिथे मुलाखत रेकॉर्ड करा.

चार्ल्सकाठ

इकडे बॉस्टनच्या बाजूला अभिलेखागारातच काम करते. एमआयटीच्या अभिलेखपाल हेलन सॅम्युअल्स यांनी 1992 साली नेमका हाच प्रश्न मांडला होता. त्यांचं म्हणणं, कुठल्या ऑफिसने काय पाठवलं इथून सुरुवात करू नका, विद्यापीठ काय काय करतं इथून करा. पदव्या देतं, शिकवतं, संशोधन करतं, मुलांना घडवतं, स्वतःचा कारभार चालवतं, लोकांची सेवा करतं, संस्कृतीला हातभार लावतं. यातल्या प्रत्येक कामाचा पुरावा आपल्याकडे आहे का ते बघा आणि जिथे पोकळी दिसेल तिथे शोधायला निघा. किल्लीताई, तुमच्या यादीवर हे लावून बघा. पदव्या आणि कारभार यांचे ढीग आहेत. शिकवणं आणि वसतिगृहातलं जगणं यांचं जवळजवळ काही नाही. मग मेसची रजिस्टरं रेक्टरांना परत देऊ नका.

सरांच्या वह्या घ्या, पण दानपत्र लिहून घेऊनच. कोण वापरेल, छापायचा हक्क कुणाचा, सगळं त्यात. वह्यांबरोबर वाळवलेले नमुने असतील तर ते तुमच्या हॉलमध्ये नकोत. विभागाचं हर्बेरियम किंवा पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र घेईल. वहीतला क्रमांक आणि नमुन्याचा क्रमांक यांची सांगड मात्र आधी लिहून ठेवा, नाहीतर दोन्ही मुके होतील.

विदा_पुरुष

ठीक आहे, माघार. पण एक सांगा, आजचे कागद कुठे आहेत? कुलगुरूंचे निर्णय ईमेलवर, अभ्यास मंडळं व्हॉट्सअ‍ॅपवर. पंचवीस वर्षांनी टेम्पो येणारच नाही. आयटीवाल्यांना सांगा, निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याचं ईमेल खातं अभिलेखागाराला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. ठरावांची पीडीएफ जपणुकीच्या 'ए' प्रकारात घ्या, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत.

वैयक्तिक माहितीबद्दल: 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात अभिलेखन आणि संशोधनासाठी सूट आहे, पण सरसकट नाही. ती माहिती त्या व्यक्तीबद्दलचा एखादा निर्णय घ्यायला वापरायची नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची, अशी अट आहे. जातीचे दाखले, वैद्यकीय कागद, शिस्तभंगाच्या फायली वेगळ्या बंद पेटीत. कधी उघडायच्या ती तारीख पेटीवरच लिहा.

कपाटाची_किल्ली

सगळ्यांचे आभार. आज बराच वेळ हॉलमध्येच होते. टी.आर. परत पाठवायचं पत्र कुलसचिवांच्या सहीला गेलंय, परीक्षा विभागाचे चेहरे बघण्यासारखे होते. मेसच्या रजिस्टरांत 1972-73चं, दुष्काळाच्या वर्षाचं, एक निघालं. ज्वारीऐवजी मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी, 'तेल नाही' असे शेरे, आणि नावांपुढे 'गावी गेला' इतक्या वेळा लिहिलंय की महिन्याच्या शेवटी निम्मी पानं कोरी आहेत. ते आत घेतलं.

काका, पुढचा प्रश्न. समितीला हा हॉल तळमजल्यावरचाच हवाय, प्रदर्शनाला सोयीचा म्हणून. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते.

रेकॉर्डवाले_काका

प्रदर्शन खाली करू दे त्यांना, झेरॉक्स प्रतींचं. मूळ कागद वरच्या मजल्यावर, रॅक भिंतीपासून हातभर लांब, खालचा कप्पा रिकामा. कुणी कुरकुरलंच तर 26 जुलै 2005ला मुंबईत किती कार्यालयांच्या तळमजल्यावरचे दप्तर वाहून गेले असतील ते विचारा. आणि वाळवीवाल्याला बोलावल्याशिवाय एकही बस्ता वर चढवू नका.